नतमस्तक व्हायला काय जातंय?

मामाचं गाव पाटण तालुक्यात, वरच्या अंगाला, एसटी जिथं शेवटी वळून परत येते त्याच्याही पुढं. लहानपणी मे महिना सगळा तिथंच काढायचो, करवंदं, जांभळं, ओढ्यात डुंबणं सगळं झालं पण गावाच्या मागं जी देवराई आहे, देवाच्या नावानं राखलेलं रान, तिच्यात आत कधी गेलो नव्हतो. बाहेरनंच हात जोडायचे आणि पुढं जायचं. पोरासोरांना आत सोडतच नव्हते. यंदा दिवाळी झाल्यावर गेलो तर मामा आपणहून म्हणाला चल, पन्नाशीला आलास, आता बघून घे एकदा.

बाहेर कातळाच्या सड्यावर ऊन रणरणत होतं, लांब वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसत होत्या आणि ह्या बाजूला एकदम हिरवाकाळा ठिपका. कंपाउंड नाही, बोर्ड नाही, वनखात्याचा खांब नाही. एका दगडापाशी मामानं चप्पल काढली, मी पण काढली आणि दहा पावलं आत गेलो तर दुपारी बारा वाजता दिवेलागण झाल्यासारखं. गारवा असा की अंगावर काटा यावा. पायाखाली पालापाचोळा इतका की घोट्यापर्यंत पाय आत जातोय, खालनं ओल लागतेय, आणि वासाचं काय सांगू, आमच्या आजीच्या जुन्या घरात धान्याच्या कणगीमागं यायचा तसा काहीतरी कुबट पण गोड वास. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा ही नावं मामानं सांगितली म्हणून कळली, नाहीतर मला ऊस सोडून कुठलं झाड ओळखता येतं? एका जांभळीला तिघांनी कवळ घातली तरी हाताला हात लागला नसता. तिच्या अंगावरनं मांडीएवढ्या जाडीचा एक वेल वर गेलेला, कुठं गेला ते दिसतच नाही, मधेच खाली येतो, परत दुसऱ्या झाडावर चढतो, अजगर झोपल्यासारखा. गारंबी म्हणतात त्याला. वर कुठंतरी शेकरू खडखड ओरडत होतं, दिसलं नाही. मधोमध एक झरा, बोटाएवढी धार, आणि झऱ्याच्या वर शेंदूर लावलेला दगडाचा तांदळा, हीच देवी. डोक्यावर छप्पर नाही, देवीला छप्पर चालत नाही म्हणे.

खरं सांगतो, मला भरून आलं. आपण किती लहान आहोत वगैरे जे लोक म्हणतात ते पहिल्यांदा पटलं. मोबाईल काढला, चारपाच फोटो मारले आणि डोक्यात स्टेटस पण तयार झालं होतं, निसर्गापुढे नतमस्तक, खाली हात जोडलेल्या दोन इमोजी. एवढ्यात पायाशी पाचोळ्यात एक गारंबीची बी दिसली. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, ही बी म्हणजे मोठ्या पेढ्याएवढी, चपटी, चॉकलेटी रंगाची, पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत. तिची शेंग हातभर नाही, माणसाच्या कमरेएवढी लांब असते. उचलली, खिशात घालायला गेलो, पोरीला दाखवू म्हणून. मामा म्हणाला, ठेव ती खाली.

म्हटलं मामा, एक बी तर आहे.

"हितनं काय न्यायचं नसतं."

"का पण?"

"नसतं."

एवढंच. पुढं काही सांगितलं नाही, जैवविविधता नाही, परिसंस्था नाही, देवी कोपेल असंही म्हणाला नाही. नसतं म्हणजे नसतं. मी बी ठेवली आणि मला एकदम लाज वाटली, कारण दोन मिनिटं आधी मीच नतमस्तक होतो ना? मग हात कसा गेला खाली? त्या दिवसापासनं एक गोष्ट डोक्यातनं जात नाही, तीच लिहायला बसलोय. जंगलात जाऊन आपण लहान आहोत असं वाटणं फुकट आहे. त्याला काहीच पडत नाही. ते वाटून आपण हॉटेलात येतो, पिठलं भाकरी खातो, बिल देतो, घरी येतो. जंगल राहतं ते कुणालातरी लहान वाटल्यानं नाही, कुणीतरी हात आवरल्यानं. आणि हात आवरणं महाग असतं, त्याचं बिल कुणीतरी भरलेलं असतं, आणि तो कुणीतरी म्हणजे आपण नाही.

आता हे मी काही नवीन शोधून काढलं असं नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवर १९७६ सालीच शोधनिबंध लिहिला होता. गावोगाव फिरून त्यांनी दाखवलं की भोवतालचं रान तुटून गेलं तरी देवाच्या नावानं राखलेल्या ह्या तुकड्यांत जुनं जंगल शिल्लक राहिलंय. म्हणजे पन्नास वर्षं झाली. तेव्हापासून देवरायांवर लेख आले, पुस्तकं आली, कॉलेजच्या सहली आल्या, कौतुक भरपूर झालं. पण कौतुक एकीकडं आणि मामाचं "नसतं" एकीकडं.

देवराईचं फार गोड चित्र काढायला पण मी तयार नाही. माझी मामी लग्न होऊन त्या गावात आली त्याला पन्नास वर्षं होत आली, तिनं आतली झाडं बघितलेली नाहीत. बायकांनी आत जायचं नाही. मी तिला मोबाईलमधले फोटो दाखवले तर चष्मा लावून मोठं करून करून बघत बसली आणि म्हणाली झरा एवढाच हाय व्हय, मला वाटलं मोठा आसंल. तिच्याच विहिरीला त्या झऱ्याचं पाणी येतं असं गावात मानतात. तेव्हा जुन्या लोकांना सगळं कळत होतं वगैरे म्हणणाऱ्यांतला मी नाही. भीती होती, शिवाशिव होती, बंदी होती आणि त्याच्याच पोटात झाडं पण राहिली, असा सगळा गुंता आहे. आणि ती भीती पण आता संपत चालली आहे. शेजारच्या एका गावात देवीचा जीर्णोद्धार केला, मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढली, सिमेंटचं देऊळ, फरशा, सभामंडप, ट्रॅक्टर जायला पाहिजे म्हणून रस्ता, आणि ह्या सगळ्यात निम्मी राई गेली. कुणी वाईट माणसं नव्हती ती, भक्तीनंच केलं सगळं. देवी तीच आहे, तिचं घर बदललं. आता तिथं दुपारी बारा वाजता दुपारचे बाराच वाजलेले असतात, आणि स्टीलच्या रेलिंगला हात लावला तर चटका बसतो.

मला वाटतं आपण शहरातली, सपाटीवरची माणसं जंगलाच्या बाबतीत नेमकं हेच करतोय. भक्ती आहे, भक्तीची कमी नाही. कासला सप्टेंबरच्या रविवारी जाऊन बघा. कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, त्याच्याबरोबर कोयना अभयारण्य, चांदोली आणि राधानगरी पण गेलं, पण नाव झालं ते कासचं कारण तिथं गाडी जाते. साडेआठशेच्या आसपास जातींच्या फुलझाडांची नोंद आहे तिथं, ती पण कातळावरच्या वीतभर मातीत. वनखातं आणि आसपासच्या गावांच्या समित्या मिळून दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालतात, ऑनलाईन बुकिंग करायला लावतात, आणि त्याच्यावर केवढी बोंब! आम्ही एवढ्या लांबनं आलो, आम्हाला का अडवता, फुलं काय तुमच्या मालकीची आहेत का. अहो तीच माणसं परत जाऊन लिहिणार की निसर्गासमोर माणूस काहीच नाही. काहीच नाही तर मग गेटवर हुज्जत कशाला घालता, काहीच नसलेल्या माणसानं पुढच्या रविवारी यावं. फुलं वाट बघतील असं नाही, पण टोपली कारवी सातआठ वर्षांनी एकदा फुलते, तिला घाई नाही तर आपल्याला कसली?

पण गर्दी हा किरकोळ विषय आहे, खरा विषय नवीन महाबळेश्वरचा. ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. सह्याद्रीच्या ह्या पट्ट्यात नवीन गिरिस्थान करायचं सरकारनं ठरवलंय, २०१९ साली रस्ते विकास महामंडळाला नियोजनाचं काम दिलं, सुरवातीला पन्नासएक गावं होती, पुढं जावळी, पाटण, सातारा असे तालुके धरून २३५ गावांपर्यंत आकडा गेला. म्हणजे एका बाजूला कोयना अभयारण्य, १९८५ चं. त्यालाच धरून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१० चा, कोयना, चांदोली आणि भोवतालचा बफरचा पट्टा मिळून अकराशे पासष्ट चौरस किलोमीटरचा. आणि त्याच्याच उशाला गिरिस्थान, आणि ते कुणी आखायचं तर रस्ते बांधणाऱ्या महामंडळानं. आराखड्यात पर्यावरण हा शब्द असणारच, आजकाल तो मोबाईल टॉवरच्या अर्जात पण असतो.

माझं म्हणणं सरळ आहे, मी ह्याच्या विरोधात आहे. कारण जुन्या महाबळेश्वरचं काय झालं ते आपल्या डोळ्यासमोर आहे. महाबळेश्वर पाचगणीला २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर करावं लागलं, बांधकामं आटोक्यात येईनात म्हणून, आणि त्यानंतर पंचवीस वर्षांत मे महिन्यात वेण्णा लेकपाशी गाडी हलत नाही ती नाहीच. एक सांभाळता आलं नाही म्हणून दुसरं काढायचं हा न्याय मला कळत नाही. घरात एक म्हैस उपाशी असताना दुसरी आणायचीच कशाला?

दुसरं कारण डोंगर. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला, माणसं झोपेत गाडली गेली. त्याच्या आधी १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झालेला, आमच्या आजोळी अजून म्हातारी माणसं एखादी गोष्ट भूकंपाच्या आधीची का नंतरची असंच सांगतात. असल्या उतारावर जेसीबी लावून प्लॉट पाडायचे, काँक्रीटचे रस्ते करायचे, स्विमिंग पूल करायचे आणि वर बोर्ड लावायचा निसर्गाच्या कुशीत. आजच कास रस्त्याला रात्रीचं जाऊन बघा, डोंगरावर किती दिवे लागतात ते.

इथपर्यंत मला वाटत होतं की मामा माझ्या बाजूनं आहे. ज्या माणसानं मला एक बी उचलू दिली नाही तो तर माझ्यापेक्षा कडक असणार. संध्याकाळी पडवीत बसून विषय काढला तर मामा म्हणाला, होऊ दे की. रस्ता तरी नीट हुईल.

मी गारच पडलो. मग मामा बोलायला लागला आणि मी ऐकत बसलो. पोरगा वाशीला माथाडीत आहे, ह्या सगळ्या पट्ट्यातली अर्धी गावं मुंबईच्या मार्केटात पाठीवर पोती उचलतायत, जावळी पाटणात असं घर दाखवा ज्यातलं कुणी मुंबईला नाही. शाळेत पोरं आठ. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद, दोन वर्षामागं भावकीतली एक पोरगी बाळंतपणाला अडली तर डालग्यात घालून चौघांनी खाली आणली, पावसात, रात्री. वाचली दोघं. नाचणी वरी केली तर रानडुक्कर आणि गवे ठेवत नाहीत, पंचनाम्याला माणूस यायच्या आधी पुढचं पीक यायची वेळ होते. "तुमास्नी जंगल पायजे," मामा म्हणाला, "मग तुम्ही ऱ्हावा की हितं." रागानं नाही म्हणाला, चेष्टेतच म्हणाला, पण लागलं.

ह्याला उत्तर काय? मी रात्रभर विचार केला, डासांनी झोपू पण दिलं नाही. एक उत्तर सोपं आहे, ते असं की रस्ता वेगळा आणि रिसॉर्ट वेगळं. ॲम्ब्युलन्स यायला जो रस्ता लागतो त्याला २३५ गावांचं गिरिस्थान लागत नाही. बाळंतपणासाठी आरोग्य केंद्रात डॉक्टर पाहिजे, हेलिपॅड नको. आणि गिरिस्थान झालं की मामाच्या पोराला तिथं काय मिळणार, वॉचमनची नोकरी, ती पण स्वतःच्याच आजोबाच्या जमिनीवर, कारण जमिनी तोपर्यंत पुण्यामुंबईच्या नावावर गेलेल्या असणार. कांदाटी खोऱ्यातल्या जमीन व्यवहारांच्या बातम्या पेपरात येऊन गेल्याच. हे मी सकाळी मामाला सांगितलं तर त्याला ते माहीतच होतं. म्हणाला, समदं ठावं हाय, पण आजपतूर दुसरं कोण काय द्यायला आलंय सांग.

इथं माझी बोलती बंद झाली, कारण कुणीच आलेलं नाही. आणि इथंच मला वाटतं आपल्या सगळ्यांची, म्हणजे सांगली साताऱ्याच्या सपाटीवरच्या माणसांची, चोरी पकडली जाते.

मी वाळवा तालुक्यातला, पाऊण एकर ऊस आहे, बाकी नोकरी. आमच्या उसाला पाणी कुठलं? कृष्णेचं. कृष्णेत पाणी कुठलं? वरनं महाबळेश्वराहून येणारी कृष्णा, कराडात येऊन मिळणारी कोयना, आणि खाली हरिपूरला येऊन मिळणारी वारणा, जी पाथरपुंज प्रचितगडाच्या बाजूला, म्हणजे चांदोलीच्या रानात उगम पावते. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं, वारणेचं ३४. त्यातलं कोयनेचं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी बोगद्यातनं पश्चिमेला जाऊन वीज करतं, बाकी आपल्याकडं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ ह्या सगळ्या योजना ह्याच नदीतनं पाणी उचलतात, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत असल्या कोरड्या भागात द्राक्षं डाळिंबं आली ती ह्या पाण्यावर. म्हणजे जतच्या डाळिंबात पाटणचा पाऊस आहे. तो पाऊस जिथं पडतो तिथली माती धरून ठेवणारं रान ज्या गावांनी राखलं, किंवा ज्या गावांना उठवून राखलं, त्यांना आपण गेल्या साठ वर्षांत काय दिलं? कोयनेच्या धरणासाठी १९६० च्या आसपास ज्यांची गावं पाण्यात गेली त्यांची नातवंडं अजून जमिनीसाठी मोर्चे काढतायत. चांदोलीच्या अभयारण्यातनं उठवलेल्या लोकांच्या वसाहती आमच्या भागात आहेत, पाण्याच्या, सातबाऱ्याच्या तक्रारी अजून मिटलेल्या नाहीत. परवा ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत सोडली, चांगली गोष्ट आहे, मला पण आनंद झाला, पण त्या वाघिणीच्या स्वागताचे फोटो बघताना एका वसाहतीतले एक आजोबा जे म्हणाले ते मी विसरणार नाही. म्हणाले, तिच्या गळ्यात पट्टा हाय म्हणं, कुठं हाय ते सायबाला रोज कळतंय. आमी कुठं हाय ते कळतंय का?

आणि पूर. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. २००५ ला बघितलं, २०१९ ला बघितलं, २०२१ ला परत बघितलं. प्रत्येक पुरानंतर आपल्याकडं एकच विषय, कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण. त्याची उंची ५१९ मीटरची ५२४ करणार म्हणून मोर्चे, बैठका, कर्नाटकाला शिव्या. अलमट्टीचा संबंध नाही असं मी म्हणत नाही, पण नदीपात्रातली बांधकामं, धरणातनं पाणी सोडायच्या वेळा, चार दिवसात धो धो पडणारा पाऊस हे पण आहेच, आणि वरच्या रानाचं नाव तर कुणी घेतच नाही. एवढा पाऊस झाल्यावर कुठलंही रान पूर थांबवेल असं नाही, खोटं कशाला बोला. पण देवराईतल्या त्या घोटाभर पाचोळ्यात पाय घालून बघा आणि मग शेजारच्या उघड्या कातळावर पाण्याची बाटली ओतून बघा. मी ओतून बघितली. कातळावरचं पाणी उतारानं सरळ माझ्या चपलेपर्यंत आलं, आतलं कुठं गेलं कळलंच नाही. आता त्या कातळाच्या जागी रिसॉर्टचं पार्किंग धरा, आणि शेजारच्या रानाच्या जागी पण.

मग लोक म्हणतात एक झाड तोडलं तर दहा लावू. हे वाक्य ऐकलं की मला सागरेश्वर आठवतं. आमच्याच जिल्ह्यातलं, बोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य, धों. म. मोहिते अण्णांनी त्यासाठी आयुष्य घातलं, १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं, अकरा चौरस किलोमीटरला थोडं कमी. मला त्याचा अभिमान आहे, लहानपणी शाळेची सहल तिथंच जायची. पण खरं बोलायचं तर चाळीस वर्षं राखूनसुद्धा सागरेश्वर हे सागरेश्वरच आहे, तिथं हरणं आहेत, ऊन आहे, मे महिन्यात पिवळं गवत आहे. ते पाटणच्या देवराईसारखं कधीच होणार नाही आणि व्हायची गरज पण नाही, ती वेगळी माती वेगळा पाऊस. माणूस मनावर घेतलं तर रान उभं करू शकतो हे सागरेश्वर दाखवतं, पण एका माणसाचा जन्म गेला तरी किती होतं ते पण तेच दाखवतं. दहाच्या हिशोबात गुलमोहर आणि गिरीपुष्प लावून तीनशे वर्षांच्या जांभळीची फिट्टंफाट होत नाही.

उलट बाजू पण सांगायला पाहिजे. कोयनेच्या अभयारण्यात, वासोटा किल्ल्याला जाताना बामणोलीतनं लाँचनं पलीकडं उतरतो, मेट इंदवलीला चौकीवर नोंद करतो, आणि पुढं रान लागतं ते बघून लोक म्हणतात वा, हजारो वर्षांचं जंगल. नीट बघा, वाटेवर घराची जोती दिसतात, देवळाचा चौथरा दिसतो, ओळीनं लावलेले आंबे दिसतात. माणसं राहत होती तिथं, नाचणी पिकवत होती. माणसं उठली आणि रान आलं, साठ वर्षांत बरंच आलं, कारण बाजूला बी द्यायला जुनं रान शिल्लक होतं. म्हणजे माणूस असला की जंगल संपलं हे खरं नाही आणि माणूस हटवला की प्रश्न सुटला हे पण खरं नाही. मामाच्या गावात माणसं पण आहेत आणि राई पण आहे.

तर माझा मुद्दा पैशाचा आहे, स्पष्टच बोलतो. पश्चिम घाट कसा राखायचा ह्यावरचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ ला आला, लोकांना न विचारता काही लादू नका असं तो सांगत होता, तो बाजूला ठेवला. मग कस्तुरीरंगन समिती, २०१३. मग संवेदनशील क्षेत्र ठरवायचे मसुद्यावर मसुदे, २०२४ च्या जुलैमध्ये सहावा मसुदा निघाला. प्रत्येक मसुद्याला डोंगरातल्या गावांचा विरोध, आणि आपण खालनं म्हणतो ह्यांना कळत नाही, राजकारणी भडकवतात. भडकवतात, पण भडकायला कारण पण आहे. प्रत्येक कागदात त्यांनी काय करायचं नाही ह्याची यादी असते, आपण काय द्यायचं ह्याची एक ओळ नसते.

मी आमच्या गावात पारावर बसून एक गोष्ट मांडली. म्हटलं उसाच्या टनाला एक रुपया कापा, फक्त एक, आणि तो वरच्या पाणलोटातल्या ग्रामपंचायतींना द्या, रान राखल्याबद्दल. एकरी चाळीस टन धरला तर चाळीस रुपये, दोन चहा दोन वडापाव. शहरांच्या पाणीपट्टीत पण थोडं, द्राक्षाच्या पेटीत पण थोडं, वीजबिलात पण. आणि तो पैसा सरकारच्या तिजोरीत नको, गावाच्या खात्यावर, ग्रामसभेनं ठरवायचं ॲम्ब्युलन्स घ्यायची का तारेचं कुंपण करायचं का शाळेला मास्तर ठेवायचा. रान कमी झालं तर पैसे कमी. अहो मला काय शिव्या बसल्या म्हणून सांगू! आधीच कपातीनं मेलोय, कारखान्याची वजनातली काटामारी बघा आधी, तू काय आमदारकीला उभा राहणार काय. एकजण म्हणाला पाऊस देव पाडतो, पाटणवाले पाडतात काय? त्याच माणसाचा डीपी ठोसेघरचा धबधबा आहे.

ह्या योजनेत भोकं आहेत ते मला पण दिसतंय. काटामारीचं म्हणणं खोटं नाही, छोट्या शेतकऱ्याच्या आधी साखर कारखाने आणि महानगरपालिका यांनी हात खिशात घालावा हे पण मान्य. वरच्या गावात पैसा आला की सरपंचाची नवीन स्कॉर्पिओ येईल असं पण कुणी म्हणालं, येईलही एखाद्या ठिकाणी, खाली काय कमी स्कॉर्पिओ आहेत? पण ह्याच्यापेक्षा चांगलं काही असेल तर सांगा ना. गिरिस्थान नको म्हणायचा अधिकार मला तेव्हाच येतो जेव्हा मामाला मी दुसरं काहीतरी देऊ करतो. नाहीतर मी फक्त एवढंच म्हणतोय की मामा तू असाच रहा, डालग्यात पेशंट ने, पोरगा मुंबईला ठेव आणि रान सांभाळ, म्हणजे मला पन्नाशीत येऊन भरून यायला जागा राहील.

मामाला फोनवर ही रुपयाची गोष्ट सांगितली. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, रुपाया ऱ्हाऊ दे, गव्याचं कायतरी बघा. आणि मग सांगितलं की त्यांच्या देवीला पण सभामंडप करायचं चाललंय, मुंबईची मंडळी शिमग्याला येतील तेव्हा बैठक आहे. तू काय म्हणालास विचारलं तर म्हणाला कौल लावूया म्हटलंय. देवीनं उजवा दिला तर? म्हणाला, बघू.

एक राहिलंच. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बायकोनं पँट धुवायला घेतली तर खिशात गारंबीची बी. मी शपथेवर सांगतो की ती ठेवली होती, पण मग आठवलं, निघताना वाकून चप्पल घालताना बाहेरच्या दगडापाशी दुसरी एक पडली होती, आणि तो दगड हद्दीच्या आत का बाहेर ह्याचा मी स्वतःच निकाल लावून टाकला होता. पोरगी ती शाळेत घेऊन गेली, बाईंनी वर्गात फिरवली, आता टीव्हीच्या शेजारी आहे. शिमग्याच्या बैठकीला जायचं ठरवलंय, तेव्हा परत नेणार. मामाला अजून सांगितलेलं नाही.